माजघराची वाट : तरुण गुप्तहेर नायिका आणि कादंबरीकाराची प्रेरणा

पुसदसारख्या तालुक्याच्या गावी राहून एखाद्या लेखिकेने रहस्यकादंबरी लिहावयास घेतली आणि तिची नायिका गुन्ह्याचा छडा लावणारी वीस-बावीस वर्षांची मुलगी असावी असे ठरविले, तर तिच्यापुढील पहिली अडचण कथानकाची नसते. ही मुलगी परक्या घरात कोणत्या निमित्ताने शिरणार, ही ती अडचण असते. पुरुष गुप्तहेराच्या बाबतीत मराठी लेखकांना हा प्रश्न क्वचितच पडला. बाबूराव अर्नाळकरांचा काळापहाड रात्री-अपरात्री हवा तेथे प्रकट होऊ शकतो. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे तर कोवळ्या वयाचा. पण त्याच्याजवळ सायकल आहे, आणि मुलाने सायकलवर टांग टाकून गावभर हिंडावे यात कोणालाही वावगे वाटत नाही. त्याच वयाच्या मुलीने तसे हिंडावयाचे ठरविले, तर गुन्हा उघडकीस येण्याआधी तिचे हिंडणेच घरी उघडकीस येईल. ही गोष्ट वरवर विनोदी वाटली तरी मराठी रहस्यकथेतील एका मोठ्या उणिवेचे मूळ तिच्यात आहे.

ही उणीव संख्येची नाही. अर्नाळकरांच्या रहस्यकथा हजाराहून अधिक आहेत. गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्यांची संख्याही हजाराच्या पुढे जाते. सुहास शिरवळकरांनी या प्रकारात स्वतःचा वाचक घडविला. एवढ्या विपुल लेखनात स्त्रिया नाहीत असे मुळीच नाही. झुंजारच्या बाजूला त्याची विजया आहे. परंतु सहकारिणी, पत्नी, मोहिनी किंवा ओलीस हीच बहुधा त्या स्त्रियांची ठरलेली स्थाने. झुंजार, धनंजय किंवा फेणे यांच्या शेजारी वाचकाच्या स्मरणात सहज बसेल असे एखाद्या मुलीचे नाव मराठीने घडविले नाही. शेजारच्या बंगालीत प्रभावतीदेवी सरस्वती यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला कृष्णा नावाची तरुण गुप्तहेर उभी केली आणि पुढे सुचित्रा भट्टाचार्य यांची मितिनमासी आली. इंग्रजीत तर १९३० पासून नॅन्सी ड्रू आहे. मराठी विभागांतून रहस्यकथेवर जे थोडे संशोधन झाले, त्यात या अभावाची नोंद घेतली जाते आणि समाजाच्या सनातनीपणावर बोट ठेवून विषय संपविला जातो. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. समाज सनातनी होता म्हणून मुलगी गुप्तहेर होऊ शकली नाही, हे अर्धेच खरे. त्याच सनातनीपणाने एका प्रकारच्या शोधकार्याला स्त्रीवाचून दुसरा मार्गच ठेवला नव्हता, हा उरलेला अर्धा भाग आहे. कादंबरीकाराची प्रेरणा या उरलेल्या अर्ध्या भागातून येते, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीतले असूनही ते मराठीबाहेरच्या लेखिकेच्या हाती लागले.

सुजाता मॅसी यांचा जन्म १९६४ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. वडील भारतीय, आई जर्मन. बालपण मुख्यतः अमेरिकेत गेले. बाल्टिमोरच्या एका वृत्तपत्रात काही काळ नोकरी, मग जपानमधील वास्तव्य आणि त्यातून जन्मलेली री शिमुरा या तरुणीची रहस्यकथामाला, असा त्यांचा आधीचा प्रवास आहे. २०१८ मध्ये त्यांची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा मुख्य काळ १९२१, स्थळ मुंबई आणि नायिका परवीन मिस्त्री ही विशीतली पारशी वकील. पुढील वर्षी ‘द सतापूर मूनस्टोन’ आली. तिच्यात सह्याद्रीच्या डोंगरातील एक काल्पनिक संस्थान आहे. नंतर २०२१ आणि २०२३ मध्ये मालिकेतील आणखी दोन कादंबऱ्या निघाल्या. परवीनच्या निर्मितीमागे कॉर्नेलिया सोराबजी आणि मिठन टाटा-लाम या दोन खऱ्या स्त्रिया आहेत, हे लेखिकेने स्वतःच नमूद केलेले आहे. ही कबुली बहुतेक समीक्षक एका वाक्यात उरकतात. वास्तविक प्रेरणा म्हणजे काय आणि ती कशी काम करते, हे पाहावयाचे तर येथेच थांबावयास हवे.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ मध्ये नाशिकला झाला. वडील पारशातून ख्रिस्ती झालेले, आई पुण्यात शाळा चालविणारी. बालपण बेळगावात आणि पुण्यात गेले. डेक्कन महाविद्यालयातून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. परीक्षेतील यशामुळे विलायतेत शिक्षणासाठी जी सरकारी शिष्यवृत्ती मिळावयास हवी होती, ती स्त्री म्हणून नाकारली गेली. तरीही हितचिंतकांच्या मदतीने त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये त्यांनी तेथील कायद्याची परीक्षा दिली. असे करणारी पहिली स्त्री त्याच. परत आल्यावर मात्र वकिलीची सनद नाही. हातात विद्या आहे आणि न्यायालयाचे दार बंद आहे, अशा अवस्थेत त्यांनी स्वतःसाठी एक काम शोधून काढले. पडद्यात राहणाऱ्या, परपुरुषाशी न बोलणाऱ्या जमीनदारिणी आणि विधवा राण्या यांच्या मालमत्तेचे व्यवहार कारभाऱ्यांच्या आणि भाऊबंदांच्या हाती होते. त्यांच्यापर्यंत पुरुष वकील जाऊ शकत नव्हता. स्त्री जाऊ शकत होती. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे त्यांची या कामासाठी नेमणूक झाली आणि सुमारे ६०० स्त्रिया व अनाथ मुले यांच्यासाठी त्यांनी काम केले असे सांगितले जाते. १९३४ मध्ये आलेले ‘इंडिया कॉलिंग’ हे त्यांचे आत्मकथन या अनुभवांनी भरलेले आहे.

यातून मॅसी यांनी काय उचलले, हे पाहण्यासारखे आहे. एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र वाचून भारावलेला लेखक सामान्यतः त्या स्त्रीचे चित्र काढावयास बसतो. मॅसी यांनी चित्र काढले नाही. त्या स्त्रीची जागा उचलली. बंद दाराच्या आत जाण्याचा अधिकार केवळ स्त्री असल्यामुळे मिळतो आणि आत गेल्यावर काय पाहावयाचे हे कायदा शिकल्यामुळे कळते, अशा दोन गोष्टी जेथे एकत्र येतात ती ही जागा. गुप्तहेर नायिकेला याहून अधिक काही लागत नाही. ‘द विडोज ऑफ मलबार हिल’मध्ये फरीद नावाच्या धनिकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात. त्या तिघींनी आपला सगळा वारसाहक्क धर्मादायाला दिल्याची कागदपत्रे परवीनच्या वडिलांच्या कचेरीत येतात. परवीन ती न्याहाळते. तिघींपैकी एकीने सहीच्या जागी नुसती फुली मारलेली आहे. जिला सही करता येत नाही, तिने हा कागद वाचला कसा? आणि सारे देऊन टाकल्यावर या तिघी खाणार काय? कादंबरीतला खून यानंतरचा आहे. रहस्य जन्मते ते या फुलीपाशी.

कॉर्नेलियाबाईंचे दुसरे अंग मॅसी यांनी बाजूला ठेवले, हेही तितकेच महत्त्वाचे. त्या इंग्रजी राज्याच्या निःसंदिग्ध कैवारी होत्या. राष्ट्रीय चळवळीला त्यांचा विरोध होता आणि १९२७ मध्ये मिस मेयोच्या ‘मदर इंडिया’ने देशभर संताप उसळला, तेव्हा त्यांनी त्या पुस्तकाची बाजू घेतली. नायिकेने वाचकाचे प्रेम मिळवावयाचे असेल तर हा वारसा अडचणीचा. मॅसी यांनी तो मिठन टाटा यांच्याकडून भरून काढला. १८९८ मध्ये जन्मलेल्या मिठनबाई १९१९ मध्ये आई हेराबाईंसह स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी घेऊन लंडनला गेल्या, तेथेच शिकल्या, १९२३ मध्ये बॅरिस्टर झाल्या, मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला बॅरिस्टर ठरल्या आणि १९४७ मध्ये मुंबईच्या शेरीफ झाल्या. परवीनचे वय, तिची मुंबई, तिचा आत्मविश्वास आणि राष्ट्रीय चळवळीविषयीची तिची सहानुभूती ही या दुसऱ्या स्त्रीच्या जवळची आहेत. एका स्त्रीचे काम आणि दुसरीची पिढी यांच्या जोडणीतून तिसरी व्यक्ती उभी राहिली. हे अनुकरण नव्हे आणि स्फूर्तीचा चमत्कारही नव्हे. मम्मटाने काव्यहेतू सांगताना शक्तीच्या जोडीला निपुणता आणि अभ्यास यांना स्थान दिले. लोकव्यवहार, शास्त्रे आणि काव्ये यांच्या अवलोकनाने येते ती निपुणता. कवितेच्या संदर्भात शक्तीचा महिमा कितीही गावा, रहस्यकादंबरीचे पोट मात्र निपुणतेवर चालते.

कालखंडाची निवडही याच निपुणतेतून आली आहे. भारतात स्त्रियांना वकिली करण्यास आडकाठी राहणार नाही, असा कायदा १९२३ मध्ये झाला. परवीनची पहिली कथा त्याच्या दोन वर्षे आधी घडते. त्यामुळे परवीन कचेरीत बसून दस्तऐवज तपासू शकते, अशिलांना भेटू शकते, पण न्यायालयात उभी राहून युक्तिवाद करू शकत नाही. अननुभवी लेखकाने हे बंधन सोयीसाठी दोन वर्षे पुढे सरकून टाळले असते आणि आपली नायिका उलटतपासणीच्या टाळ्याखाऊ प्रसंगात अडकवली असती. मॅसी यांनी बंधन ठेवले. परवीनला न्यायालय नाही, म्हणून तिला घरोघर जावे लागते. घरोघर जावे लागते, म्हणून ती गुप्तहेर होते. शिवाय बंद खोली म्हणजे काय, हे तिला आतून ठाऊक आहे. तरुणपणी कलकत्त्याच्या सासरी मासिक पाळीच्या दिवसांत तिला एका कोंदट खोलीत वेगळे ठेवले जात असे. फरीद यांच्या घरातील जनानखान्यात ती जाते तेव्हा एक सुशिक्षित बाई अडाणी बायकांच्या उद्धाराला आली आहे, असा स्वर लागत नाही; तो न लागण्याचे कारण ही जुनी खोली आहे. त्या मानाने मॅसी यांचा पदार्थ, वस्त्रे आणि चालीरीती समजावून सांगण्याचा सोस मराठी वाचकाला जड जातो. दूरच्या वाचकासाठी लिहिणाऱ्या लेखिकेची ती गरज असेल. मराठीत लिहिणारीला ती मुळीच नाही, आणि हा लहानसा फायदा नव्हे.

बंद घरात शिरण्याची ही युक्ती एखाद्या जुन्या काळापुरती मर्यादित आहे, असा आक्षेप येऊ शकतो. त्याला उत्तर म्हणून रजनी पंडित यांचे नाव पुरेसे आहे. भारतातील पहिल्या महिला खासगी गुप्तहेर म्हणून त्या ओळखल्या जातात. वडील गुन्हे अन्वेषण विभागात नोकरीस होते. १९९१ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची संस्था काढली. त्या रुपारेल महाविद्यालयात मराठी साहित्याच्या विद्यार्थिनी होत्या, ही गोष्ट मराठी विभागांनी तरी विसरू नये. नोकरी करीत असताना त्यांनी हाताळलेले पहिले प्रकरण एका सहकारी स्त्रीच्या घरातील चोरीचे. संशय नव्या सुनेवर होता. चोर निघाला घरातलाच धाकटा मुलगा. पुढे एका खुनाच्या प्रकरणात संशयित बाईच्या घरी त्या सुमारे सहा महिने मोलकरीण म्हणून राहिल्या. ती बाई आजारी पडली तेव्हा तिची शुश्रूषा केली, तिचा विश्वास मिळविला. ध्वनिमुद्रकाचा बारीकसा आवाज झाला आणि बाईला संशय आला. बाहेर जाणे बंद झाले. शेवटी हवा असलेला माणूस घरात आला त्या दिवशी स्वतःच्या पायावर सुरी पाडून घेऊन, दवाखान्याच्या निमित्ताने त्या बाहेर पडल्या आणि निरोप पोहोचविला. त्यांच्या मुलाखतींतून आलेली ही हकीकत कोणत्याही रहस्यकादंबरीच्या तोडीची आहे. तिच्यात पिस्तूल नाही, पाठलाग नाही. धुणीभांडी आहेत, आजारपण आहे आणि स्वयंपाकघरातली सुरी आहे. मोलकरणीकडे कोणी पाहत नाही, हे जे समाजातील अन्यायाचे लक्षण, तेच येथे शोधाचे साधन झाले. पंडितांनी आपल्या अनुभवांवर पुस्तकेही लिहिली. मराठी कादंबरीने मात्र या सामग्रीकडे वृत्तपत्रातील नवलाची बातमी म्हणूनच पाहिले.

मग पुसदच्या लेखिकेने काय करावे? मुंबईची परवीन उचलून तिला पूस नदीच्या काठी आणून बसविणे निरर्थक आहे. पण मॅसी यांनी नाशिकच्या कॉर्नेलियाबाईंच्या बाबतीत जे केले ते येथे करता येते. या परिसरात कोणते दार बंद आहे आणि ते कोणासाठी उघडते, हे पाहावयाचे. वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक हे दोन मुख्यमंत्री पुसद तालुक्यातील गहुलीचे, त्यामुळे राजकारणाच्या अंगाने या तालुक्याविषयी भरपूर लिहिले गेले. कापूस, कोरडवाहू शेती, तांड्यांवरील जीवन यांचे चित्रणही कवितेत आणि कथेत अधूनमधून येते. येथला बंद दरवाजा पडद्याचा नाही. तो कागदाचा आहे. यवतमाळ जिल्हा शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर चर्चिला गेला. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपये मदत देण्याचे शासकीय निकष २००५-०६ च्या सुमारास ठरले. त्यानुसार प्रत्येक मृत्यूची चौकशी होऊ लागली. जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणाचे, वसुलीचा तगादा होता की नव्हता, याची छाननी होऊन प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. म्हणजे मृत्यूचे कारण शोधण्याचे काम, जे रहस्यकथेचे पायाभूत काम आहे, ते या जिल्ह्यात तलाठ्याच्या दप्तरापासून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत वर्षानुवर्षे चाललेले आहे. ज्या बाईने जन्मभर शेतात राबून सातबाऱ्यावर नाव नसल्यामुळे स्वतःला शेतकरी म्हणविता आले नाही, तिच्या मृत्यूचे काय, हा प्रश्न त्या नमुन्यात बसतच नाही.

याला लागूनच सावकारीचा कागद आहे. खासगी कर्जाला तारण म्हणून जमिनीचे थेट खरेदीखत करून घेण्याची रीत विदर्भात परिचित आहे. कागदावर विक्री, तोंडी बोलीत गहाण. कर्ज फिटले तरी जमीन परत येईलच असे नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये १५ वर्षांपर्यंतच्या अशा व्यवहारांची चौकशी सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाला करता येते, आणि खरेदीखत हे वस्तुतः सावकारीचे तारण होते असे दिसून आले तर जमीन परत देण्याचा आदेशही देता येतो. कागद काय म्हणतो आणि घडले काय, यांतील अंतर मोजावयाचे. गुप्तहेराची याहून वेगळी व्याख्या करता येणार नाही. मलबार हिलवरची फुली येथे अंगठा होऊन येते. अंगठ्याचा इतिहासही या विषयाशी जवळचा आहे. १८५८ मध्ये हुगळीकडे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचे स्वतंत्र कार्यालय निघाले आणि तेथून ते शास्त्र जगभरच्या पोलिसांकडे गेले. रहस्यकथेचे लाडके साधन असलेला बोटाचा ठसा जन्मला तो करारावर सही करणाऱ्याच्या शब्दावर विश्वास नव्हता म्हणून. पुसदच्या आठवडी बाजारात कागदावर अंगठा उमटविणाऱ्या बाईला हा इतिहास ठाऊक नसतो. लेखिकेला तो ठाऊक असावा.

आता नायिका कोण, हे ठरविता येते. पोलीस ठाण्यातील उपनिरीक्षक मुलगी हे पहिले उत्तर सुचते आणि ते टाळावे हे बरे, कारण गणवेशाला दार उघडते पण तोंड उघडत नाही. आशा कार्यकर्ती घराघरात जाते, बाळंतपण आणि आजार तिला आधी कळतात. परंतु त्या कामासाठी बहुधा गावातली लग्न झालेली, विधवा किंवा परित्यक्ता स्त्री निवडली जाते. म्हणजे ती गावची सून असते आणि सुनेवर सासरचे डोळे असतात. विधी सेवा समितीचे काम करणारी स्वयंसेविका, पुसदच्या न्यायालयात नव्याने उभी राहिलेली कनिष्ठ वकील, याही जागा आहेत. पण सर्वांत श्रीमंत जागा बचत गटाचे दप्तर लिहिणाऱ्या मुलीची आहे. गटातल्या दहा-बारा बायांपैकी निम्म्यांना लिहिता येत नाही, म्हणून कोणाची तरी बारावी झालेली लेक हिशोब मांडते. कोणी किती उचलले, कोणाचा हप्ता तीन महिने थकला, कोणी मुलाच्या फीसाठी म्हणून पैसे नेले आणि फी भरलीच नाही, कोणाच्या घरी बाहेरचा सावकार येऊन गेला, हे तिच्या वहीत असते किंवा वहीत नसले तरी तिला कळलेले असते. तिला कोणी भीत नाही. तिच्यासमोर बाया मोकळेपणी बोलतात. शिवाय तिने स्वतः अनेकींचे अंगठे शाईला लावून वहीवर टेकविलेले असतात. कोणाच्या अंगठ्यावर विळ्याचा व्रण आहे हे तिला पाठ असते. नॅन्सी ड्रूला वकील वडील होते आणि परवीनलाही आहेत. या मुलीला वही आहे.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो आणि तो झटकून टाकता येत नाही. ज्या दुःखाने हजारो घरे उद्ध्वस्त झाली, त्याचे कोडे करून वाचकाची करमणूक करावी काय? कोड्याला उत्तर असते, आणि उत्तर मिळाले की वाचक निश्चिंतपणे पुस्तक मिटतो. शेतकऱ्याच्या मृत्यूचा एकच गुन्हेगार शोधून शेवटच्या प्रकरणात त्याला बेड्या घातल्या, तर भाव, पाणी, कर्जव्यवस्था आणि शासन ही सारी सुटतात. हा धोका खरा आहे. सामान्य कुवतीचा लेखक त्यात हमखास अडकेल. तरीही हा प्रकार वर्ज्य ठरविण्याची घाई करू नये, आणि त्याचे कारण विधवेच्या वाङ्मयीन स्थानाशी निगडित आहे. मराठी साहित्यात विधवा फार आहेत. त्या बहुतांशी करुणेचा विषय आहेत. त्या सोसतात आणि लेखक त्यांच्यासाठी बोलतो. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला भरलेल्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे या शेतकरी विधवेच्या हस्ते झाले. नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण आयोजकांनी मागे घेतल्यानंतरची ती निवड होती आणि त्यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली. तो वाद येथे उगाळण्याचे कारण नाही. पण त्या व्यासपीठावर एक विधवा प्रत्यक्ष बोलली, हा संमेलनांच्या इतिहासातील साधा प्रसंग नव्हे. रहस्यकादंबरीत विधवा साक्षीदार असते. तिला काय ठाऊक आहे, हा प्रश्न तेथे तिला विचारला जातो आणि उत्तराची वाट पाहिली जाते. ती खोटेही बोलू शकते, लपवू शकते, स्वतः दोषी असू शकते. करुणेच्या कथेने तिला ही मोकळीक कधी दिली नाही. कोडे सोडविताना मृत्यूला उत्तर न देता कागदाला उत्तर द्यावे, एवढे पथ्य लेखिकेने पाळले तर करमणुकीचा दोष बराच सौम्य होईल. खरेदीखत खोटे ठरते, जमीन परत मिळते, माणूस मिळत नाही. एवढ्यावर संपणारी रहस्यकादंबरी मराठीत लिहिता येण्याजोगी आहे.

सामग्रीचे कष्ट मात्र पडतील. पुसद तालुका १९०५ पर्यंत तेव्हाच्या वाशीम जिल्ह्यात होता, नंतर यवतमाळात आला; लेखिकेने जुन्या जमिनींच्या वादात शिरावयाचे ठरविले तर तिला वाशीम आणि यवतमाळ या दोन्ही दिशांना हिंडावे लागेल. निबंधक कार्यालयातील दस्त, न्यायालयातील निकाल, सहकार खात्याचे आदेश वाचावे लागतील. रूक्ष वाटणाऱ्या या वाचनात एका जागी ती नक्की थबकेल. तांड्यावरील बाई गोरमाटी बोलते, बाजारात वऱ्हाडी वळणाने बोलते, आणि तिचा जबाब मात्र कार्यालयीन मराठीत लिहिलेला असतो. बाईने काय सांगितले आणि लेखनिकाने काय लिहिले, यांत सत्य कोठे निसटले हे ओळखायला दोन्ही भाषा जाणणारी व्यक्ती लागते. विभागांतून बोलीभाषांचा जो अभ्यास शिकविला जातो त्याचा असाही एक उपयोग आहे. बचत गटाची वही लिहिणारी तांड्यावरची मुलगी आईच्या नावाने नोंदलेला जबाब प्रथमच वाचते. तिसऱ्या ओळीत तिला ‘सदर इसमाने मजकडून रक्कम स्वीकारून’ असे शब्द दिसतात, आणि आईने हयातीत कोणाला ‘इसम’ म्हटलेले नाही हे तिला ठाऊक असते.